चांद्याचा परकोट : पडझडीपासून पुनरुज्जीवनापर्यंत

(वणी, जि. यवतमाळ येथे इतिहासप्रेमी नागरिक आणि विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



वणीहून घुग्घुसच्या वाटेने निघालेला प्रवासी वर्धा नदी ओलांडतो आणि थोड्याच वेळात चंद्रपूरच्या जटपुरा दरवाज्यासमोर येऊन उभा राहतो. रिक्षा, दुचाकी, बस यांच्या गर्दीत त्याचे लक्ष पुढच्या वाहनाकडे असते. वर मान करून पाहिले, तर दगडात कोरलेला सिंह आणि त्याच्या पंजाखालचा हत्ती त्याला दिसेल. हे गोंड राजांचे राजचिन्ह. त्या कमानीखालून रोज जाणाऱ्या हजारो माणसांपैकी कितींना ते ठाऊक असेल?

किल्ला म्हटला की महाराष्ट्राच्या मनात सह्याद्री उभा राहतो. ते स्वाभाविकच आहे. रायगड, राजगड, प्रतापगड ही नावे आपल्या श्वासात आहेत. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्यांतले ११ महाराष्ट्रातले आणि जिंजी हा एक तामिळनाडूतला. प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटावा अशीच ती घटना होती. परंतु या बारांमध्ये विदर्भातला एकही दुर्ग नाही. याचे दुःख करीत बसण्याचे कारण नाही. विचार करण्याचे कारण मात्र निश्चित आहे. विदर्भात किल्ले नाहीत असे थोडेच आहे? गाविलगड आहे, नरनाळा आहे, नगरधन आहे, माणिकगड आहे, आणि वणीपासून हाकेच्या अंतरावर चांद्याचा परकोट आहे. आजचा विषय हा परकोट. तो कोणी उभारला, तो कसा विस्मृतीत गेला आणि अलीकडच्या काळात तो पुन्हा लोकांच्या दृष्टीला कसा पडला, याचा हा धावता आढावा.

कळंब आणि चांदा

प्रथम यवतमाळकरांच्या मनातला एक गैरसमज दूर केला पाहिजे. चांदा म्हणजे शेजारचा जिल्हा, त्याच्या इतिहासाशी आपला काय संबंध, असे अनेकांना वाटते. संबंध फार जुना आहे. अकबराच्या दरबारी अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस जो 'ऐन-ए-अकबरी' हा ग्रंथ सिद्ध केला, त्यात वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची माहिती आहे. त्यांतले एक सरकार म्हणजे कळंब. आज चिंतामणीच्या मंदिरासाठी आपण ज्या कळंबला जातो, तेच हे गाव. कळंब हे प्राचीन आणि महत्त्वाचे नगर असल्याचे अबुल फजल नोंदवतो, तिथल्या म्हशींची ख्याती सांगतो, आणि लगेच पुढे, कळंबच्याच संदर्भात, चांद्याच्या गोंड राजाचा उल्लेख करतो. त्याच्या हाताखालच्या मोठ्या फौजेचा आणि वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचा निर्देशही तिथे आहे. दिल्ली-आग्र्याहून पाहणाऱ्या मोगल लेखकाला कळंब आणि चांदा ही एकाच चित्राची दोन अंगे वाटत होती. मधली वर्धा नदी आज जिल्ह्याची सीमा आहे. तेव्हा ती दोन प्रदेशांना जोडणारी वाट होती.

त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, अहमदशहा बहामनीने माहूर आणि कळंब ही ठाणी जिंकून घेतली होती. माहूरचा गड आज नांदेड जिल्ह्यात मोडतो, पण पैनगंगेच्या अलीकडे उभे राहिले की तो यवतमाळ जिल्ह्याच्याच अंगणात असल्यासारखा भासतो. तात्पर्य, माहूर, कळंब आणि चांदा ही एका मोठ्या इतिहासक्षेत्राची ठिकाणे आहेत. महसुली नकाशाने त्यांची ताटातूट केली म्हणून आपल्या स्मृतीने ती करण्याचे कारण नाही.

सशाची वाट आणि राणीची दृष्टी

चांद्याच्या स्थापनेची कथा चंद्रपूर परिसरातल्या घराघरात सांगितली जाते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरला राज्य करीत होता. त्याच्या सर्वांगाला गाठी आणि फोड आलेले होते. कोणत्याही औषधाने गुण येत नव्हता. एकदा शिकारीला गेला असता तहानेने व्याकूळ होऊन तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. तिथल्या एका खळग्यातले पाणी त्याने प्यायले, हातपाय-तोंड धुतले आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी त्याला शांत झोप लागली. सकाळी राणीने पाहिले, तर व्रण ओसरू लागलेले. राणीच्या आग्रहाने ती जागा शोधली गेली आणि तिथे अचलेश्वराचे देवालय उभे राहिले.

पुढे त्याच परिसरात राजाला एक अद्भुत दृश्य दिसले. एक ससा शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता! भित्रा ससा पाठलाग करतो आहे आणि कुत्रा जीव घेऊन पळतो आहे. मोठे वर्तुळ पुरे झाल्यावर कुत्रा उलटला आणि त्याने सशाला मारले. सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राजाने ही हकीकत राणीला सांगितली, तेव्हा ती म्हणाली की हा शुभशकुन आहे; सशाने ज्या वाटेने कुत्र्याला पळवले, त्या वाटेवर तट बांधून नगर वसवावे. कपाळावरच्या चंद्रावरून नगराचे नाव चंद्रपूर पडले, असे परंपरा सांगते.

आख्यायिका ही आख्यायिकाच असते. तिला इतिहासाचा पुरावा म्हणून कोणी सादर करू नये. पण आख्यायिका समाजाचे मन सांगते. या कथेत राजा दुबळा आहे आणि राणी दूरदर्शी आहे. या कथेत बलवानाला पळवणारा ससा आहे. आणि नगराची जागा ठरते ती पाण्यापाशी. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट आणि दक्षिणेला त्यांचा संगम, अशा जागी हे नगर वसले आहे. संरक्षण आणि पाणी या दोन्हींचा विचार करणाऱ्या माणसानेच ही जागा निवडली असणार, एवढे भूगोल पाहून निश्चित म्हणता येते.

पंधराव्या शतकात आरंभलेले हे काम एका राजाच्या हयातीत पुरे झाले नाही. पिढ्यामागून पिढ्यांनी त्यात भर घातली. परकोटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर सांगितली जाते. त्याला चार दिशांना चार दरवाजे आहेत : उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा आणि पूर्वेला अचलेश्वर. लहान प्रवेशद्वारांना खिडक्या म्हणतात. त्या पाच : बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसान खिडकी. ही नावे उच्चारली तरी जुने नगर डोळ्यांसमोर येते. मसान खिडकीतून अंत्ययात्रा स्मशानाकडे जात असेल, विठोबा खिडकीपाशी टाळ वाजत असतील. डोंगरी गडावर शिबंदी राहते. इथे तटाच्या आत सबंध गाव नांदत होते. हा नगरदुर्ग आहे, आणि त्याचे खरे वैशिष्ट्य तेच आहे.

इथे जमलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट. हा तट वालुकाश्माचा आहे. वणी-चंद्रपूर परिसरात जो कोळसा निघतो, तो ज्या खडकांच्या थरांत सापडतो, त्या थरांच्या समूहाला भूगर्भशास्त्रात 'गोंडवाना' म्हणतात, आणि परिसरातला वालुकाश्मही त्याच समूहातला आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या खडकांना दिलेले हे नाव पुढे शास्त्रज्ञांनी एका प्राचीन महाखंडालाही दिले. आज जगातल्या कोणत्याही विद्यापीठात पृथ्वीचा इतिहास शिकवताना गोंडांच्या या भूमीचे नाव घ्यावे लागते. वणीच्या खाणीतला कोळसा आणि चांद्याच्या तटाचा दगड हे एकाच भूमीचे दोन दाखले आहेत.

राणी हिराई आणि पुढचा काळ

अठराव्या शतकाच्या प्रारंभी राजा बीरशहाच्या मृत्यूनंतर राणी हिराईने दत्तक पुत्र रामशहाच्या वतीने राज्याचा कारभार पाहिला. पतीची भव्य समाधी तिने बांधली. महाकालीच्या मंदिराशीही तिचेच नाव जोडलेले आहे. चैत्रात महाकालीच्या यात्रेला आजही मराठवाड्यापासून भाविक येतात. अहिल्यादेवी होळकरांच्या बांधकामांची आठवण आपण आदराने काढतो. त्यांच्याही आधीच्या या गोंड राणीचे नाव विदर्भाबाहेर किती जणांना माहीत आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

१७५१ मध्ये चांद्याचे राज्य नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या ताब्यात गेले. परकोट तोच राहिला, निशाण बदलले. आणि मग आले १८१८ हे साल.

पांढरकवडा ते चांदा : चौतीस दिवस

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची अखेर सांगताना पाठ्यपुस्तके कोरेगाव, अष्टी, असीरगड यांची नावे घेतात. त्या युद्धाचा एक महत्त्वाचा अध्याय यवतमाळ जिल्ह्यात घडला, हे मात्र जिल्ह्यातल्या मुलांनाही सांगितले जात नाही. दुसरे बाजीराव पेशवे माघार घेत घेत पूर्वेकडे आले, ते चांद्याच्या आशेने. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची साथ आणि चांद्याच्या बळकट तटाचा आसरा मिळाला, तर लढा पुढे चालवता येईल, असा तो विचार होता. पण आप्पासाहेब तोवर इंग्रजांच्या कैदेत पडले होते. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणी येथे कर्नल अ‍ॅडम्सच्या इंग्रजी फौजेने पेशव्यांना गाठले आणि त्यांच्या सैन्याची दाणादाण उडवली. तोफाही शत्रूच्या हाती लागल्या. बाजीराव तिथून निसटले खरे, पण चांदा त्यांना दिसलाच नाही. ३ जून १८१८ रोजी त्यांनी माल्कमपुढे शरणागती पत्करली.

तोच अ‍ॅडम्स पांढरकवड्याहून पुढे चांद्यावर चालून गेला. मे महिन्याचे ऊन, आणि तेही चांद्याचे! तोफांच्या माऱ्याने तटाला खिंडार पडले आणि २० मे रोजी इंग्रजांनी हल्ला चढवला. किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. पांढरकवड्याच्या लढाईपासून चांद्याच्या पाडावापर्यंत अवघे तेहतीस-चौतीस दिवस गेले. साडेतीनशे वर्षे उभा असलेला तट पडला आणि विदर्भातल्या स्वातंत्र्याचा सूर्य मावळला.

मावळला, पण विझला नाही. चाळीस वर्षांनी, १८५७-५८ च्या स्वातंत्र्यसमरात, याच चांदा भागातल्या मोलमपल्लीचा तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके गोंड तरुणांची फौज उभारून इंग्रजांविरुद्ध उठला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. ज्या नगराला त्याच्या पूर्वजांच्या समाजाने तट बांधला, त्याच नगरात त्या समाजाच्या पुत्राने बलिदान केले. परकोटाकडे पाहताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पिंपळाचे रोप

तोफांनी पाडलेल्या खिंडाराची डागडुजी होऊ शकते. पण उपेक्षेच्या तोफा आवाज करीत नाहीत. युद्धे संपली, तटाची लष्करी गरज संपली, शहर तटाबाहेर वाढू लागले. मग तट म्हणजे घरामागची आयती भिंत, कचरा टाकण्याची सोयीची जागा, मोकळ्या दगडांची रास असे त्याचे रूप होत गेले.

त्यात निसर्गाची भर. पक्षी पिंपळाचे, वडाचे, उंबराचे फळ खातो आणि त्याची बी दगडांच्या सांध्यात पडते. पहिल्या पावसात रोप येते. पाच वर्षांनी मूळ बोटाएवढे, वीस वर्षांनी मांडीएवढे होते आणि एके दिवशी सबंध बुरुजाचा दर्शनी भाग खाली येतो. आत मुरलेले पावसाचे पाणी गाभ्यातली माती फुगवते आणि बाहेरच्या दगडी आवरणाला ढकलते. शत्रूला जे शेकडो वर्षांत साधले नाही, ते एका पाखराच्या चोचीतले बी साधते. दोष पाखराचा नाही. वर्षातून एकदा रोप उपटायला कोणी गेले नाही, हा दोष आहे.

१ मार्च २०१७

अशा स्थितीत चंद्रपुरातल्या 'इको-प्रो' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी १ मार्च २०१७ रोजी हाती कुऱ्हाडी, विळे, फावडी घेतली आणि परकोटाची स्वच्छता सुरू केली. बंडू धोतरे यांच्या पुढाकाराने वन्यजीव आणि पर्यावरण या क्षेत्रांत काम करणारी ही संस्था. तिने इतिहासाची वास्तूही परिसराचाच भाग मानली, हे विशेष. एक दिवस झाडू मारून छायाचित्र काढून घेणे अवघड नसते. या तरुणांनी ते काम दुसऱ्या दिवशीही केले, तिसऱ्या दिवशीही केले. चांद्याचा उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काम चालू राहिले. बुरुजांवरची झुडपे निघाली, कचऱ्याचे ढीग हलले, तटावरून चालण्याची वाट मोकळी झाली. दोनशे दिवस पुरे झाल्यानंतर, २९ ऑक्टोबर २०१७ च्या 'मन की बात' या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी या अभियानाचा उल्लेख करून त्याचे कौतुक केले. देशाला चांद्याचा परकोट माहीत झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुद्द चंद्रपूरकरांना तो दिसू लागला. काम त्यानंतरही थांबले नाही, आणि तट पाहण्यासाठी नागरिकांच्या पदभ्रमंतीही सुरू झाल्या.

इथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट आहे. या तरुणांनी सरकारी निधीची वाट पाहिली नाही, पण कायदा डावललाही नाही. परकोट हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालचे स्मारक आहे. झाडोरा आणि कचरा काढणे हे नागरिकांचे काम. दगड बसवणे हे तज्ज्ञांचे काम. ही मर्यादा ओळखणे फार आवश्यक आहे. उत्साह हा गुण आहे, पण ज्ञानाविना उत्साह जुन्या वास्तूला उपेक्षेइतकाच घातक ठरतो.

चुना, सिमेंट आणि संयम

उत्साहाच्या भरात काय घडते? कोणी पिंपळाचे जाड मूळ ओढून काढतो आणि मुळाबरोबर चार चिरे निखळतात. मूळ ओढायचे नसते. बुंधा कापून, त्याला पुन्हा पालवी फुटणार नाही असा उपाय करून ते जागीच मरू द्यायचे असते आणि मग मोकळी झालेली पोकळी भरून काढायची असते. कोणी भेगा सिमेंटने बुजवतो. दिसायला काम पक्के दिसते. परंतु सिमेंट दगडाहून कठीण आणि ओलावा कोंडून धरणारे. भिंतीतले पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ते वालुकाश्मासारख्या मऊ दगडातून वाट काढते, दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. सिमेंट तसेच राहते आणि दगड झिजून जातो. कोणी भक्तिभावाने दरवाज्याला तैलरंग फासतो. रंग दोन पावसाळ्यांत उडतो, कोरीव काम मात्र कायमचे बुजते.

जुन्या बांधकामाचा प्राण चुना. चुनखडी भाजायची, ती पाण्यात विरवून मुरत ठेवायची, वाळू आणि विटांची भुकटी मिसळून घाणीत मळायची, त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा काढा असे पदार्थ घालायचे. हे काम घाईचे नाही. चुना हळूहळू हवा शोषून घट्ट होतो, पण भिंतीला श्वास घेऊ देतो. बारीक भेग पडली तर ती काही अंशी स्वतःच भरूनही काढतो. आपल्या गवंड्यांना हे शेकडो वर्षे ठाऊक होते. दोन-तीन पिढ्यांत ते विसरले गेले. किल्ला वाचवायचा तर आधी ही कारागिरी वाचवली पाहिजे. ज्याच्या हातात ती आहे, त्या गवंड्याला योग्य मजुरी आणि मान दिला पाहिजे.

फ्रान्समधला दाखला

या संदर्भात जगातली दोन उदाहरणे उपयोगी पडतील. दक्षिण फ्रान्समध्ये कार्कासोन नावाचे तटबंद नगर आहे, चांद्यासारखाच नगरदुर्ग. दुहेरी तट, ५२ बुरुज. १६५९ मध्ये फ्रान्स आणि स्पेन यांच्यात तह झाला, सीमा दूर सरकली आणि या दुर्गाची गरज संपली. पुढची दोनशे वर्षे तिथेही तेच घडले : तटाला टेकून झोपड्या, दगडांची लूट. १८५० मध्ये तर तट पाडण्याचा सरकारी हुकूम निघाला. पण क्रो-मेरव्हियेय या स्थानिक इतिहास अभ्यासकाने आणि नागरिकांनी विरोध केला आणि हुकूम मागे घ्यावा लागला. १८५३ पासून व्हियोले-ले-द्यूक या वास्तुविशारदाने जीर्णोद्धार आरंभला. १९९७ मध्ये ते नगर जागतिक वारसा यादीत आले. मात्र एक टीका आजही होते. त्याने बुरुजांवर उत्तर फ्रान्समध्ये शोभावीत अशी पाटीच्या दगडाची टोकदार छपरे घातली. दक्षिणेची रीत कौलांची. पुढच्या काळात काही छपरे बदलून कौले घालावी लागली. एवढा विद्वान माणूस, पण आपल्या कल्पनेतला किल्ला त्याने खऱ्या किल्ल्यावर चढवला. जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येकाने ही चूक लक्षात ठेवावी.

दुसरे उदाहरण ग्वेदलोंचे. बर्गंडी प्रांतात १९९७ पासून तेराव्या शतकातल्या पद्धतीचा एक किल्ला नव्याने बांधला जात आहे. यंत्रे नाहीत, तिथलाच दगड, तिथलेच लाकूड, हाताची हत्यारे, चुन्याचे मिश्रण. किल्ला बांधणे एवढाच हेतू असता तर ते खुळच ठरले असते. हेतू आहे विसरलेली कारागिरी पुन्हा शिकण्याचा. त्याचे मोल २०१९ नंतर कळले. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचे लाकडी छत आगीत जळाले, तेव्हा कुऱ्हाडीने तुळया तासण्याची विद्या अवगत असलेले सुतार शोधावे लागले, आणि ग्वेदलोंमध्ये तयार झालेले कारागीर त्या कामी आले. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले. विद्या जिवंत असेल तर जळालेलेही पुन्हा उभे राहते.

तट आणि तटाशेजारची माणसे

चांद्याच्या परकोटापुढे आज सर्वांत कठीण प्रश्न आहे तो माणसांचा. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरच्या पट्ट्यात परवानगी लागते. एकाकी मंदिराच्या बाबतीत हा नियम सोपा आहे. पण सुमारे ११ किलोमीटरचा तट जेव्हा नांदत्या शहराच्या मधून जातो, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना असंख्य कुटुंबांची घरे येतात. वाढत्या संसारासाठी खोली वाढवायची तरी अडचण. अशा माणसाला तट हा वारसा वाटेल की शत्रू?

या प्रश्नाला घोषणांचे उत्तर नाही. तटाशेजारी राहणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवून तट वाचणार नाही, आणि नियमच नको म्हणूनही तट वाचणार नाही. त्याच्या मुलाला वाटाड्याचे काम मिळाले, त्याच्या दारासमोरचा रस्ता स्वच्छ झाला, त्याचे परवानगीचे अर्ज वेळेत निकाली निघाले, तर तोच माणूस तटाचा पहिला राखणदार होईल. वास्तू कायद्याने संरक्षित होते. सुरक्षित होते ती शेजाऱ्यांच्या आपुलकीने.

आणि आपुलकीच्या आड येणारी आणखी एक भिंत आहे, ती मनातली. हा किल्ला गोंडांचा, तो मराठ्यांचा, हा अमक्या जातीचा, अशी वाटणी आपण नकळत करतो. चांद्याच्या तटाचा पाया गोंड राजांनी घातला, त्याच्या रक्षणासाठी भोसल्यांचा किल्लेदार पडला, त्याच्या आधाराच्या आशेने पेशवे पांढरकवड्यापर्यंत आले, आणि त्याची झुडपे काढली ती आजच्या सर्व समाजांतल्या तरुणांनी. यातला कोणता भाग कोणाचा म्हणून वेगळा काढणार? गोंड समाजाचा त्यावर पहिला मान आहे, तो निःसंकोच दिला पाहिजे. राणी हिराईची आणि बाबूराव शेडमाके यांची कथा सांगताना ती त्या समाजाच्या जाणत्यांच्या तोंडून ऐकली पाहिजे. जबाबदारी मात्र सर्वांची आहे.

यवतमाळकरांचे काम

चंद्रपूरकरांनी आपला वाटा उचलला. वणी आणि यवतमाळने काय करावे? १८६४ मध्ये वऱ्हाडात वेगळा जिल्हा झाला आणि पुढे त्याला वणीचेच नाव मिळाले. १९०५ मध्ये ते यवतमाळ झाले. अशा या जुन्या भूमीत मोठा परकोट नसेल, पण गावोगावी गढ्या आहेत, बारवा आहेत, हेमाडपंती देवळे आहेत, शेताच्या बांधावर वीरगळ आहेत. गढीची पांढरी माती खणून नेली जाते. गुप्तधनाच्या वेडापायी मूर्तींखाली खड्डे खणले जातात. धन निघत नाही, मूर्ती मात्र भंगते. अशी प्रत्येक जागा म्हणजे उद्याचा जटपुरा दरवाजा आहे.

मोठ्या योजनेची वाट न पाहता तीन कामे करता येतील. पहिले, गावातल्या प्रत्येक जुन्या वास्तूचे छायाचित्र, तिचे लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि वृद्धांना ठाऊक असलेली हकीकत शाळेच्या वहीत नोंदवून ठेवणे. दुसरे, दर पावसाळ्यानंतर त्या वास्तूवरची लहान रोपे, ती बोटाएवढी असतानाच, संबंधित खात्याला किंवा ग्रामपंचायतीला विचारून काढणे. तिसरे, वर्षातून एकदा मुलांना तिथे नेऊन तिची कथा सांगणे. पांढरकवड्याजवळच्या रणभूमीवर दर १७ एप्रिलला दहा मुले जरी उभी राहिली, तरी तो इतिहास पुढच्या पिढीत पोहोचला असे म्हणता येईल.

जटपुरा दरवाज्यावरचा सिंह आजही उभा आहे. त्याने भोसल्यांचा विजय पाहिला, इंग्रजांचे निशाण पाहिले, तिरंगाही पाहिला. मधल्या काळात त्याच्याकडे मान वर करून पाहणारे कमी झाले होते, एवढेच. येत्या रविवारी वणीहून चार कुटुंबे मुलांना घेऊन निघाली, बगड खिडकीपाशी उतरली आणि तटावरून तासभर चालली, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे समजावे. तट चालणाऱ्यांची वाट पाहतो आहे.